एक्स्टिंग्विशर सुटा, त्रिकोण दोनच: ट्रक सोडला म्हणून विषय संपत नाही

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. अमेरिकेत एका ट्रॅक्टरवर (ट्रेलर ओढणारा, इंजिन आणि केबिन असलेला पुढचा भाग) सुरू केलेली नवी ट्रकिंग कंपनी, ऑथॉरिटी, म्हणजे माल वाहण्याचा फेडरल परवाना, मिळून वर्ष व्हायचंय. वे स्टेशनवर, म्हणजे हायवेवरच्या वजन-तपासणी नाक्यावर, लेव्हल टू तपासणी (गाडीखाली न जाता, भोवती फिरून केलेली) झाली आणि रिपोर्टवर दोन नोंदी आल्या. फायर एक्स्टिंग्विशर स्लीपरमध्ये (केबिनमागच्या झोपायच्या जागेत) सुटा पडलेला होता, आणि धोक्याचे त्रिकोण तीनऐवजी दोनच होते. दंड झाला नाही, ट्रक लगेच सोडला. तुम्ही विचारताय की ट्रक सोडला म्हणजे विषय संपला का, कायद्याने ट्रकमध्ये नेमकं काय असायला हवं, आणि तिसरा त्रिकोण ट्रेलरच्या बॉक्समध्ये होता असं ड्रायव्हर म्हणतोय तर नोंदीला आव्हान द्यावं का.

मी न्यू जर्सीत छोट्या ट्रकिंग कंपन्यांचं सेफ्टीचं आणि त्यामागच्या कागदपत्रांचं काम बघते. बहुतेक नवे मालक हा विषय खरेदीच्या यादीसारखा हाताळतात. ट्रक घेतला, ट्रक स्टॉपवरून एक्स्टिंग्विशर आणि त्रिकोणांचा लाल डबा आणला, स्लीपरमध्ये टाकला, झालं. पण नियम वस्तू विकत घेतली की नाही हे विचारतच नाही. ती कुठे आहे, घट्ट बसवलीय का, वापरण्याजोगी आहे का आणि वेळ आली तर ड्रायव्हर ती दहा मिनिटांत रस्त्यावर मांडेल का, हे विचारतो. तुमच्याकडे एक्स्टिंग्विशर होता. त्रिकोणही बहुधा तीन होते. तरी दोन नोंदी आल्याच.

पण आधी तो रिपोर्ट हातात घ्या, कारण त्याची मुदत चालू झालेली आहे. फेडरल नियमांच्या ३९६.९ या कलमाप्रमाणे तपासणीचा कागद ड्रायव्हरने पुढच्या टर्मिनलवर पोहोचताच कंपनीला द्यायचा असतो, आणि २४ तासांत पोहोचणार नसेल तर लगेच पाठवायचा असतो. कंपनीने दोष दुरुस्त करून, खालच्या चौकटीत सही, हुद्दा आणि तारीख घालून १५ दिवसांच्या आत तो ज्या खात्याने दिला त्यांना परत पाठवायचा आणि एक प्रत १२ महिने जपून ठेवायची. एका ट्रकच्या कंपनीत मालक म्हणजेच ऑफिस. त्यामुळे कागद डॅशबोर्डवरच्या पावत्यांखाली महिनाभर पडून राहतो. दोन किरकोळ नोंदी असतातच, वर कागद न पाठवण्याची तिसरी चूक आपण हातानं ओढवून घेतो.

तुमच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण तुम्ही अजून नवे आहात. नव्या कंपनीवर पहिले १८ महिने लक्ष असतं आणि साधारण पहिल्या १२ महिन्यांत सेफ्टी ऑडिट होतं. या ऑडिटमध्ये १६ बाबी अशा आहेत की त्यातली एक जरी सापडली तरी कंपनी आपोआप नापास होते. वार्षिक तपासणी न झालेली गाडी चालवणं आणि आउट ऑफ सर्व्हिस (म्हणजे रस्त्यावर चालवायला मनाई) ठरवलेली गाडी दुरुस्तीआधीच रस्त्यावर आणणं या दोन्ही त्यात आहेत. एक्स्टिंग्विशर आणि त्रिकोण त्या १६ मध्ये नाहीत, एवढा दिलासा आहे. पण ऑडिटर आधीच्या रस्त्यावरच्या तपासण्यांचे रिपोर्ट मागतो, आणि दुरुस्तीची सही असलेली प्रत समोर ठेवता आली तर पुढचं बोलणं सोपं जातं.

आता ‘ट्रक सोडला, मग काय’ याबद्दल. आपत्कालीन साहित्याच्या नोंदीने मालाचा ट्रक आउट ऑफ सर्व्हिस होत नाही, म्हणून तुम्हाला जाऊ दिलं. पण ती नोंद फेडरल मोटर कॅरिअर सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या मोजणीत, वाहन देखभालीच्या खात्यात जाते. पहिले सहा महिने तिला तिप्पट वजन, वर्षापर्यंत दुप्पट, आणि पुढे २४ महिने पुरे होईपर्यंत एकपट. गांभीर्याचे गुण कमी असतात, हे खरं. पण पाचशे ट्रकच्या कंपनीत अशा दोन नोंदी कुठल्या कुठे विरघळतात, आणि तुमच्या वर्षभरात जेमतेम चार-पाच तपासण्या होणार, त्यात त्या ठळक दिसणार. २०१५ च्या डिसेंबरमधल्या फास्ट अ‍ॅक्ट या कायद्यानंतर मालवाहू कंपन्यांची इतरांच्या तुलनेतली टक्केवारी लोकांना दिसत नाही, पण तपासण्या आणि त्यातल्या नोंदी दिसतात, आणि विमा कंपन्या त्या वाचतात. ड्रायव्हरच्याही नावावर ही तपासणी तीन वर्षं राहते, नोकरी बदलताना नवा मालक ती काढून बघू शकतो. हे त्यालाही सांगा. मालकाचं नुकसान ऐकून फारसा न हलणारा माणूस स्वतःचा रेकॉर्ड म्हटल्यावर हलतो.

शिवाय तपासणारा माणूस केबिनचं दार उघडल्यावर आधी हेच बघतो. नळकांडं सीटमागे गडगडताना दिसलं की ही मंडळी गाडी किती बघतात याचा त्याचा अंदाज तिथेच बांधला जातो, आणि लेव्हल टूची लेव्हल वन व्हायला वेळ लागत नाही. लेव्हल वन म्हणजे ३७ पायऱ्यांची पूर्ण तपासणी. त्यात तो गाडीखाली जातो, ब्रेक मोजतो. हे मी कुठल्या आकडेवारीवरून म्हणत नाही, अनुभवावरून म्हणते.

एक्स्टिंग्विशरपासून सुरू करू. कलम ३९३.९५. धोकादायक मालाचे फलक न लागणाऱ्या ट्रकला अंडररायटर्स लॅबोरेटरीजचं किमान ५-बी:सी रेटिंग असलेला एक, किंवा किमान ४-बी:सीचे दोन चालतात. फलक लागणारा माल असेल तर किमान १०-बी:सी. बी म्हणजे डिझेल, तेल, ग्रीससारख्या द्रवांची आग, सी म्हणजे वीज चालू असलेल्या वायरिंगची. आकडा जितका मोठा तितकी मोठी आग विझवण्याची क्षमता. माझा सल्ला सरळ आहे: आज तुम्ही साधा ड्राय व्हॅन (सामान्य मालाचा बंद ट्रेलर) ओढत असाल तरी १०-बी:सी घ्या. किमतीत फार फरक नसतो. उद्या ब्रोकरने, म्हणजे लोड मिळवून देणाऱ्या मध्यस्थाने, फलक लागणारा माल दिला तर निदान या एका वस्तूसाठी धावपळ होणार नाही. शक्य असेल तर रेटिंगमध्ये ‘ए’ही असलेला, म्हणजे तिन्ही प्रकारच्या आगींना चालणारा घ्या. स्लीपरमधली गादी आणि पडदे ना बीमध्ये बसतात ना सीमध्ये.

नियम चार गोष्टी बघतो. लेबलवरचं रेटिंग वाचता आलं पाहिजे. भरलेला आहे की नाही हे डोळ्यांनी कळलं पाहिजे, म्हणजे गेज हवं आणि काटा हिरव्यात हवा. हात सहज पोहोचला पाहिजे. आणि तो सरकणार नाही, गडगडणार नाही, वरखाली उडणार नाही असा घट्ट बसवलेला पाहिजे. तुमची नोंद या शेवटच्या अटीवर आहे. यामागे कागदी हट्ट नाही. जोरात ब्रेक मारला किंवा गाडी कलंडली तर ते जड लोखंडी नळकांडं केबिनमध्ये कुणाच्या डोक्यात बसेल सांगता येत नाही. आणि वॉल्व्ह कशावर आपटला तर बंद केबिनमध्ये पावडरचा ढग उठतो, ड्रायव्हरला रस्ता दिसत नाही.

घरगुती एक्स्टिंग्विशरसोबत जो प्लास्टिकचा हुक येतो तो भिंतीसाठी असतो. ट्रकच्या हादऱ्यांना तो टिकत नाही. धातूचा पट्टा आणि क्लिप असलेला वाहनासाठीचा ब्रॅकेट घ्या आणि तो फ्लोअरला किंवा सीटच्या चौकटीला बोल्टने बसवा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, झिप टाय, बंजी कॉर्ड हे सगळं मी पाहिलंय, आणि त्यांवर नोंदी झालेल्याही पाहिल्यात. जागा निवडताना एक कसोटी लावा: ड्रायव्हर दार उघडून खाली जमिनीवर उभा आहे, केबिनमध्ये धूर आहे, आणि आत न चढता त्याचा हात तिथे पोहोचतो का? ड्रायव्हर सीटची दाराकडची बाजू या कसोटीला उतरते. स्लीपरमधलं कपाट उतरत नाही, मग तिथे कितीही घट्ट बसवा.

वार्षिक टॅगबद्दल नेहमी गोंधळ असतो. ३९३.९५ मध्ये तशी अट नाही. वर्षातून एकदा तपासून टॅग लावायचा नियम कामाच्या जागांसाठी आहे. तरीही महिन्यातून एकदा नळकांडं ब्रॅकेटमधून काढा, उलटं करून हलवा, कारण सततच्या हादऱ्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते. पिन आणि सील जागेवर आहे का बघा, नोझलमध्ये कोळ्याने घर केलेलं नाही ना ते बघा. उन्हाने लेबल पांढरं पडलं असेल तर नवा घ्या. आणि जुना ट्रक घेताना सोबत आलेला एक्स्टिंग्विशर असेल तर त्याचं मॉडेल जरूर तपासा. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये किडी कंपनीने प्लास्टिक हँडलची आणि पुश बटनची बरीच मॉडेल्स परत मागवली होती, अमेरिका आणि कॅनडा मिळून जवळपास चार कोटी नग. त्यातला एखादा अजून कुणाच्या केबिनमध्ये हिरवा काटा दाखवत बसलेला असू शकतो.

आता त्रिकोण. यातच खरी मेख आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

कायद्याला दोन्ही बाजूंनी चमकणारे तीन त्रिकोण हवेत, आणि ते फेडरल सुरक्षा मानक १२५ प्रमाणे बनवलेले हवेत. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे कारचे छोटे त्रिकोण यात बसतीलच असं नाही. मानकाप्रमाणे प्रत्येक बाजू १७ ते २२ इंच लांब असावी लागते, आणि ताशी ४० मैलांच्या वाऱ्यात त्रिकोण तीन फुटांपेक्षा जास्त सरकता कामा नये. म्हणून तर खऱ्या त्रिकोणाचा पाया जड असतो. त्यावर डीओटीची (अमेरिकेच्या वाहतूक खात्याची) खूण किंवा मानकाशी सुसंगत असल्याचं वाक्य छापलेलं असतं, ते बघून घ्या. एकाची कड तुटली, लाल पट्टी निखळली, तर तो त्रिकोण मोजला जाईल या भरवशावर राहू नका. डब्यात चौथा ठेवायला काही खर्च नाही. थंडीत आय-८० वर वाऱ्याने एखादा गेला तर गेलाच, तो शोधायला कुणी हायवेवर धावू नये.

त्रिकोणांऐवजी किमान सहा फ्यूजी (जळणाऱ्या लाल इशारा-कांड्या) किंवा तीन द्रव इंधनाचे फ्लेअर चालतात, कायद्याने. पण ज्वलनशील द्रव किंवा वायूच्या टँकरला, भरलेला असो की रिकामा, आगीने जळणारं काहीही बाळगायला बंदी आहे. तसंच काही वर्गांची स्फोटकं नेणाऱ्या आणि कॉम्प्रेस्ड गॅसवर चालणाऱ्या ट्रकलाही. एका ट्रकच्या मालकाने त्या वाटेला जाऊच नये. चमकणारे एलईडी फ्लेअर जादा म्हणून ठेवा, रात्री छान दिसतात, पण ते त्रिकोणांची जागा घेत नाहीत.

ठेवायचे कधी? ट्रक रस्त्यावर किंवा शोल्डरवर (रस्त्याकडेच्या पट्टीवर) थांबला, आणि ते थांबणं सिग्नल किंवा ट्रॅफिकमुळे नसेल, की लगेच चारही इंडिकेटर चालू आणि दहा मिनिटांच्या आत त्रिकोण जागेवर. कारण कुठलंही असो. टायर फुटलाय, इंजिन तापलंय, ब्रोकरशी फोनवर भांडायचंय, किंवा ड्रायव्हिंगचे तास संपले आणि पार्किंग मिळालं नाही म्हणून रॅम्पच्या कडेला झोपलाय. शेवटच्या प्रकारात जवळजवळ कुणीच त्रिकोण मांडत नाही, आणि मागून येऊन आदळणाऱ्या गाड्यांना नेमका तोच ट्रक सापडतो. शहरी वस्तीत थोडी सूट आहे, पण रात्री रस्त्यावरच्या दिव्यांत ट्रक ५०० फुटांवरून स्पष्ट दिसत नसेल तर ती सूटही नाही.

अंतरं पावलांत लक्षात ठेवायला सांगा, कारण फूट कुणी मोजत नाही. नियमानेच चार पावलं म्हणजे १० फूट आणि चाळीस पावलं म्हणजे १०० फूट असा हिशेब दिलाय. दोन्हीकडून वाहतूक असलेल्या रस्त्यावर एक त्रिकोण वाहतुकीच्या बाजूला ट्रकपासून चार पावलांत, एक मागे चाळीस पावलांवर, एक पुढे चाळीस पावलांवर. दुभाजक असलेल्या किंवा एकेरी रस्त्यावर, म्हणजे जवळजवळ प्रत्येक इंटरस्टेटवर, तिन्ही मागेच ठेवायचे: १० फूट, १०० फूट आणि २०० फूट. शोल्डरवर असाल तर शोल्डरच्या मधोमध. वळण किंवा चढ ५०० फुटांच्या आत असेल आणि त्यामुळे ट्रक दिसत नसेल, तर त्या बाजूचा त्रिकोण १०० ते ५०० फुटांच्या दरम्यान, येणाऱ्याला आधीच दिसेल असा. ड्रायव्हर हमखास चुकतात ते इथे. वळणाच्या अलीकडे तीन त्रिकोण शिस्तीत मांडतात, आणि वळणापलीकडून येणाऱ्याला त्यातला एकही दिसत नाही.

२०० फूट ऐकायला बरेच वाटतात. ताशी ६५ मैलांनी येणारी गाडी सेकंदाला सुमारे ९५ फूट कापते. म्हणजे सगळ्यात लांबचा त्रिकोण मागच्याला दोन सेकंद देतो. म्हणून त्रिकोण मांडले म्हणजे सुरक्षित झालो असं ड्रायव्हरला वाटू देऊ नका. गाडी रांगत का होईना पुढच्या एक्झिटपर्यंत नेता येत असेल तर न्यायची. नाहीच जमलं तर त्रिकोण मांडून गार्डरेलच्या पलीकडे उभं राहायचं, केबिनमध्ये बसून राहायचं नाही.

कसारा किंवा खंबाटकी घाटात ट्रक बंद पडला की क्लीनर उडी मारून मागे दगड रचतो आणि झाडाची फांदी खोचतो, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलंय. इथे क्लीनर नसतो. एकट्या ड्रायव्हरला गाडी थांबवायची, डिस्पॅचला कळवायचं, काय बिघडलंय ते बघायचं आणि त्रिकोणही मांडायचे. क्रम ठरलेला नसेल तर फोन आधी होतो आणि दहा मिनिटं त्यातच जातात. क्रम असा: इंडिकेटर, पार्किंग ब्रेक, चमकणारं जॅकेट, त्रिकोण, मग फोन. जॅकेट या नियमात नाही, तरी ते ठेवा. चालत जाताना उघडलेला त्रिकोण स्वतःच्या आणि येणाऱ्या वाहतुकीच्या मध्ये धरायचा, असं कमर्शिअल लायसन्सच्या पुस्तिकेतही लिहिलंय. काम झाल्यावर त्रिकोण गोळा करतानाही इंडिकेटर चालू ठेवायचे असतात. हे अर्धे लोक विसरतात.

हा नियम माणसावर किती अवलंबून आहे हे ड्रायव्हरविना चालणाऱ्या ट्रकच्या कंपन्यांना कळलं. बंद पडलेल्या ट्रकमधून उतरून त्रिकोण कोण मांडणार? केबिनवर चमकणारे दिवे चालतील का, असा अर्ज दोन कंपन्यांनी केला होता, तो २०२४ च्या अखेरीस पहिल्यांदा नाकारला गेला.

स्पेअर फ्यूज फार वेळ खाणारी गोष्ट नाही. कायद्याने लागणारे दिवे, वायपर वगैरे ज्या ज्या प्रकारच्या फ्यूजवर चालतात, त्या प्रत्येक प्रकाराचा आणि आकाराचा एक जादा हवा. तुमच्या ट्रॅक्टरमध्ये फ्यूजऐवजी सर्किट ब्रेकर असतील तर हे लागू नाही. फ्यूज बॉक्सचं झाकण उघडा, आतला तक्ता बघा, एक मिश्र पाकीट आणून झाकणाजवळच ठेवा. ही अट काढून टाकायचा आणि द्रव इंधनाच्या फ्लेअरचा उल्लेख वगळायचा प्रस्ताव २०२५ च्या मे महिन्यात आला, त्यावरून ‘आता फ्यूज लागत नाहीत’ असे व्हिडिओही आले. प्रस्ताव म्हणजे नियम नव्हे, आणि तो पुढे नियम झाला का हेही व्हिडिओवरून ठरवू नका. ईसीएफआरच्या, म्हणजे फेडरल नियमांच्या सरकारी संग्रहाच्या, संकेतस्थळावर भाग ३९३ उघडून आजचा मजकूर वाचायचा आणि तोच धरायचा.

हे सगळं साहित्य ट्रॅक्टरमध्ये हवं, ट्रेलरमध्ये नाही. नियमात ते ‘पॉवर युनिट’ला लागू आहे. कारण उघड आहे: ट्रेलर यार्डात सोडून तुम्ही बॉबटेल, म्हणजे नुसता ट्रॅक्टर घेऊन, निघालात की त्रिकोण मागे राहिले. ट्रेलरचं स्वतःचं काही वेगळं आहे, ते असं. १ डिसेंबर १९९३ पासून बनलेल्या मोठ्या ट्रेलरवर लाल-पांढरी परावर्तक पट्टी कारखान्यातूनच येते, बाजूंना लांबीच्या निदान अर्ध्या भागावर आणि मागे. डॉकवर घासून ती निघते. नवी लावताना तिच्यावर डीओटी-सी२ छापलेलं आहे ना ते बघा. मागचा आडवा लोखंडी गार्ड, ज्याला इथले जुने लोक १९६७ च्या अपघातात गेलेल्या अभिनेत्रीच्या नावाने मॅन्सफील्ड बार म्हणतात, तो २६ जानेवारी १९९८ पासूनच्या ट्रेलरवर जमिनीपासून २२ इंचांपेक्षा उंच असता कामा नये. २०२१ च्या अखेरीस तो वार्षिक तपासणीच्या यादीतही आला. वाकलेला, तडा गेलेला गार्ड घेऊन निघू नका. ट्रेलर भाड्याचा किंवा ब्रोकरच्या यार्डातला असला तरी रस्त्यावर तो तुमच्या डीओटी नंबरखाली चालतोय, नोंद तुमच्याकडेच येणार. जोडायच्या आधी फोनवर चारही बाजूंचे फोटो काढायची सवय ड्रायव्हरला लावा.

फेडरल नियमांवर राज्यांचे नियम आणखी बसतात, आणि ते नकाशाप्रमाणे बदलतात. सगळ्यात जास्त फसवतात बर्फाच्या साखळ्या. कोलोरॅडोत आय-७० वर डॉटसेरो ते मॉरिसन या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे साखळ्या सोबत बाळगाव्याच लागतात, आकाश निरभ्र असलं तरी. वॉशिंग्टन राज्यात १ नोव्हेंबर ते १ एप्रिल. न्यू जर्सी-ओहायो करणाऱ्या ड्रायव्हरला एकदम डेन्व्हरचं लोड दिलं तर तो सप्टेंबरात साखळ्यांचा विचार करणारच नाही, तो तुम्हाला लोड घेतानाच करावा लागेल.

ड्रायव्हरबद्दल आणखी दोन गोष्टी. कलम ३९२.८ प्रमाणे साहित्य जागेवर आणि तयार आहे याची खात्री करूनच ड्रायव्हरने गाडी हलवायची असते, म्हणजे कायदा हे काम त्याच्यावरही टाकतो. दिवसअखेरच्या गाडीच्या अहवालात आपत्कालीन साहित्य हा वेगळा मुद्दा आहे. दोष नसेल तर मालवाहू ट्रकला २०१४ च्या डिसेंबरपासून तो अहवाल लिहावा लागत नाही. सवलत चांगली आहे, पण तिच्यामुळे बघण्याचीच सवय सुटते. लिहायला लावू नका, पण दर सोमवारी गेजचा आणि उघडलेल्या त्रिकोणांच्या डब्याचा फोटो मागवा. फोटोत तीन त्रिकोण मोजता आले पाहिजेत, बंद डब्याचा फोटो चालणार नाही.

दुसरी गोष्ट इंग्रजीची. २५ जून २०२५ पासून, इन्स्पेक्टरशी इंग्रजीत पुरेसं बोलता न येणं आणि रस्त्यावरच्या पाट्या न समजणं हे पुन्हा ड्रायव्हरला आउट ऑफ सर्व्हिस करण्याचं कारण झालंय. दुभाषा, फोनवरचं भाषांतर चालत नाही. आपल्याकडचे, पंजाबातले कितीतरी उत्तम ड्रायव्हर गाडी चालवण्यात नाही तर या संभाषणात अडकतात. एक्स्टिंग्विशर कुठे आहे, त्रिकोण किती आहेत, शेवटचं कधी तपासलंस, टायर फुटला तर काय करशील, एवढी प्रश्नोत्तरं घरी बसून इंग्रजीत मोठ्याने म्हणून घ्या. उत्तर देताना हात नेमक्या जागी गेला पाहिजे.

याच सरावात लॉगचंही एक घ्या: ईएलडी (ड्रायव्हिंगचे तास आपोआप नोंदणारं यंत्र) बंद पडला तर आठ दिवस पुरतील इतके, तास हाताने नोंदवायचे कोरे ग्राफ-ग्रिड कागद ट्रकमध्ये असावे लागतात. तेही एक्स्टिंग्विशरइतकंच साधं आहे आणि तेही तसंच राहून जातं.

राहिला आव्हानाचा प्रश्न. फेडरल खात्याची डेटाक्यूज नावाची ऑनलाइन सोय आहे, तिथून रिपोर्टमधल्या चुकीची दुरुस्ती मागता येते. ती मागणी ज्या राज्याने तपासणी केली त्यांच्याकडेच जाते. नंबर चुकला, दुसऱ्याची गाडी तुमच्या नावावर आली, किंवा जी वस्तू लागूच नाही तिची नोंद झाली, आणि हे कागदाने दाखवता येत असेल, तर जरूर करा. तुमच्या बाबतीत मी करणार नाही. त्रिकोण ट्रेलरच्या बॉक्समध्ये होता हे खरं धरलं तरी ड्रायव्हरला तो तिथे दाखवता आला नाही, आणि तपासणीनंतर काढलेला फोटो त्या दिवशीची परिस्थिती सिद्ध करत नाही. शिवाय तो ट्रॅक्टरमध्ये असायला हवा होता, हे तुमचंच निवेदन सांगेल. एक्स्टिंग्विशरच्या नोंदीला तर काहीच उत्तर नाही. ब्रॅकेट बसवा, त्याचा तारखेसह फोटो आणि पावती रिपोर्टच्या प्रतीला जोडा, सही करून कागद पाठवून द्या. १५ दिवसांतले किती उरलेत ते रिपोर्टवरच्या तारखेवरून आजच बघा.